इंटेकचा पाइप सहज बसेल, पण हवेचं माप चुकणार नाही ना?

वाचकाचं पत्र

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. माझ्याकडे २०१६ ची मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, गाडी सेकंड हँड घेतलेली, इंजिनात काहीही बदल केलेले नाहीत. ऑफिसातला एक सहकारी टेक्सासहून इकडे आला, त्याने स्वतःच्या मस्टँगचा कोल्ड एअर इंटेक, म्हणजे इंजिनला बाहेरची हवा पुरवणारा जोडसंच, मला स्वस्तात देऊ केलाय. खोका नाही, माहितीपत्रक नाही. नुसता अॅल्युमिनियमचा पाइप, शंकूसारखा फिल्टर आणि पत्र्याची आडभिंत. ‘ट्यून लागत नाही, तासाभरात बसतो आणि तीस एचपी वाढतात’ असं तो सांगतो. घरी बसवू का? चेक इंजिन लाइट लागेल का? धातूचा पाइप तापणार नाही का? पुण्याला भावाकडे पोलो जीटी आहे, त्यालाही असंच काही नेऊ का?

उत्तर

बसवायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागेल, आणि हे काम घरी करण्यासारखंच आहे. तीस एचपीची आशा मात्र सोडून द्या. राहिला प्रश्न ‘ट्यून लागत नाही’ या वाक्याचा, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलावं लागत नाही या दाव्याचा. ते खरं की खोटं हे सहकाऱ्याच्या आठवणीवर ठरत नाही, पाइपच्या एका ठिकाणच्या आतल्या व्यासावर ठरतं. म्हणून पैसे देण्याआधी पाइप दोन दिवसांसाठी मागून घ्या आणि एक व्हर्निअर कॅलिपर मिळवा.

आधी ताकदीचा हिशेब. तुमच्या गाडीची कारखान्याने दिलेली ताकद ६५०० आरपीएमला ४३५ एचपी आहे. मूळ एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा डबा, पुढच्या जाळीमागून बाहेरचीच हवा घेतो, म्हणजे ‘कोल्ड एअर’ तुम्हाला आधीपासून मिळतेच आहे. किट फार तर हवेच्या वाटेतला अडथळा कमी करेल. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, त्यामुळे फिल्टर आणि डब्याने एक किलोपास्कल दाब खाल्ला तर साधारण एक टक्का ताकद जाते, म्हणजे चार-साडेचार एचपी. नुसत्या पाइपने तीस एचपी मिळायचे असतील तर मूळ डब्याने जवळपास सात किलोपास्कल खाल्लेले असायला हवेत. एवढा गुदमरलेला डबा कुणी स्पोर्ट्‌स कारला लावत नाही. जाहिरातींतले मोठे आकडे बहुतेक वेळा इंटेक आणि ट्यून दोन्ही मिळून आलेले असतात. कधी मूळ इंटेकची डायनो चाचणी (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरची) बॉनेट बंद ठेवून होते आणि किटची बॉनेट उघडं ठेवून. वरच्या आरपीएमला पाच ते दहा एचपी मिळाले तर किट चांगलं समजा. रोजच्या रस्त्यावर ते जाणवणार नाहीत. आवाज मात्र नक्की बदलेल, आणि बहुतेक लोक इंटेक घेतात ते त्या आवाजासाठीच. ते कारण पुरेसं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या इंजिनात हवा मोजायला एमएएफ (मास एअर फ्लो) सेन्सर आहे. त्यात एक बारीक तापवलेला घटक हवेच्या वाटेत असतो. जाणारी हवा त्याला थंड करते आणि त्याचं तापमान टिकवायला किती करंट लागला, यावरून इंजिनचा कंप्युटर हवेचं वजन काढतो. पण सेन्सर पाइपमधली सगळी हवा पाहत नाही, त्याच्या खिडकीतून जाणारी थोडीशी हवाच पाहतो. नदीचं पात्र रुंद झालं की पाणी तेवढंच असूनही प्रवाह संथ दिसतो, तसंच इथे होतं. सेन्सरजवळ पाइपचा व्यास वाढला की तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो आणि सेन्सर हवा कमी असल्याचं सांगतो. कंप्युटरमधला तक्ता मूळ डब्याच्या व्यासासाठी बनवलेला असतो. बाहेर काय बदललंय, हे त्याला कळायला मार्ग नाही.

फरक किती पडतो ते पाहा. उदाहरण म्हणून ८० मिलिमीटरच्या जागी ९० मिलिमीटरचा पाइप आला असं धरा. व्यास साडेबारा टक्के वाढला, पण क्षेत्रफळ सुमारे २७ टक्के वाढलं. सेन्सर त्या प्रमाणात कमी हवा दाखवेल, कंप्युटर तेवढं कमी पेट्रोल देईल आणि मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेलं, होईल. ऑक्सिजन सेन्सर हे पकडतो आणि फ्यूल ट्रिम, म्हणजे कंप्युटरची पेट्रोल कमी-जास्त करायची टक्केवारी, पेट्रोल वाढवून एका मर्यादेपर्यंत सावरते. पुढे चेक इंजिन लाइट लागतो.

पण या दिव्याहून मोठी काळजी दुसरी आहे. इंजिनवर भार किती, हेही कंप्युटर याच हवेवरून ठरवतो. हवा कमी दिसली की त्याला भार कमी वाटतो, आणि कमी भाराला तो ठिणगी जास्त आधी टाकतो. ट्रिम पेट्रोल सुधारते, भाराचा हा हिशेब सुधारत नाही. भरल्या थ्रॉटलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, ठिणगी गरजेहून लवकर पडली की नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी फुटून इंजिनाला हादरे बसण्याला, आमंत्रण मिळतं. नॉक सेन्सर वेळ मागे खेचून इंजिन वाचवायला धडपडतो आणि जे एचपी मिळवायला निघालो तेच त्यात जातात. कॅलिफोर्नियात पंपावर मिळणारं प्रीमियम ९१ ऑक्टेनचं असतं. टेक्सासमध्ये ९३ सर्रास मिळतं. तिथे ९३ वर नीट चाललेली जोडणी इथे ९१ वर तशीच चालेल असं धरू नका. सहकाऱ्याने नंतर ‘हवी तर माझी ट्यूनची फाइलही घे’ असं म्हटलं, तर ती याच कारणासाठी घेऊ नका. दुसरं कारण पुढे येतंच आहे.

मोजायचं कसं? मूळ डब्यातून सेन्सर काढा आणि त्याची दांडी जिथे हवेत असते बरोबर त्या जागी डब्याच्या नळीचा आतला व्यास घ्या. एक माप आडवं, एक उभं, कारण काही नळ्या किंचित लंबगोल असतात. मग किटच्या पाइपमध्ये सेन्सरच्या बैठकीजवळ तसंच मोजा. पाइपच्या टोकाचं माप घेऊन चालणार नाही. पुष्कळ पाइप पुढे-मागे रुंद असतात आणि सेन्सरपाशी मुद्दाम अरुंद केलेले असतात. ८० मिलिमीटरच्या आसपास व्यासात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे क्षेत्रफळात अडीच टक्के. एवढा ट्रिम पचवते. तीन-चार मिलिमीटरने मोठा निघाला तर ते किट ट्यूनसाठी बनवलेलं आहे, मग विकणारा काहीही म्हणो. एकाच कंपनीचे ट्यून लागणारे आणि न लागणारे पाइप बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात, त्यामुळे नुसतं पाहून ठरवू नका. व्यास जुळला तरी सेन्सरच्या अगदी आधी तीव्र वळण असेल किंवा फिल्टरचं तोंड सेन्सरला टेकल्यासारखं जवळ असेल, तर हवा घुसळत येते आणि रीडिंग नाचतं.

दुसरी परीक्षा कॅलिफोर्नियाची आहे, आणि तुमच्या बाबतीत ती मापाइतकीच निर्णायक आहे. इथे इंटेक हा उत्सर्जनाशी संबंधित भाग मानतात. त्या किटला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा, म्हणजे कार्बचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असावा लागतो आणि तो बॉनेटखाली दिसेल असा चिकटवलेला असावा लागतो. त्या ऑर्डरमध्ये कोणत्या वर्षांच्या कोणत्या इंजिनसाठी परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. क्रमांक कार्बच्या संकेतस्थळावर टाकून २०१६ ची पाच लिटर मस्टँग त्यात आहे ना, हे स्वतः पाहा. पेट्रोल गाड्यांना आठ मॉडेल-वर्षांपर्यंत दर दोन वर्षांच्या स्मॉग चेकमधून, म्हणजे राज्याच्या उत्सर्जन तपासणीतून, सूट असते. तुमची गाडी आता त्या सवलतीत बसत नाही. तंत्रज्ञ बॉनेट उघडून पाहतो, आणि क्रमांक नसलेला इंटेक दिसला की धूर कितीही स्वच्छ असला तरी गाडी नापास होते. टेक्सासमध्ये हा क्रमांक लागत नाही, त्यामुळे तिथून आलेल्या किटवर स्टिकर नसणं नवलाचं नाही. पाइपवर कंपनीचं नाव आणि भाग क्रमांक सापडला तर कंपनीला विचारा. किट मान्यताप्राप्त असेल तर स्टिकर नव्याने मिळू शकतो.

आणि ट्यूनचं ते दुसरं कारण हेच. जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये इंजिनच्या कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर बदललेलं आहे का, तेही तपासतात. मान्यता नसलेली ट्यून असेल तर मूळ सॉफ्टवेअर परत घालेपर्यंत गाडी पास होत नाही. तेव्हा तुमच्यासाठी एकच वाट उरते: ट्यून न लागणारं, तुमच्या मॉडेलसाठी क्रमांक असलेलं किट. हातातलं किट यात बसत नसेल तर परत करा, स्वस्त असलं तरी. मूळ डब्यातच चांगला पॅनेल फिल्टर टाकून गाडी चालवणं त्यापेक्षा बरं.

किट दोन्ही परीक्षांत उतरलं असं धरून पुढे जाऊ. वापरलेला माल आहे, म्हणून आधी पाइप उन्हात धरून सेन्सरच्या बैठकीभोवती केसासारखी चीर आहे का पाहा. वेल्डिंगचे सांधे तपासा. क्रँककेसच्या ब्रीदर होजसाठी (इंजिनच्या खालच्या भागाला हवा देणाऱ्या रबरी नळीसाठी) पाइपला तोंड असायला हवं, ते जागेवर आणि घट्ट आहे ना? सिलिकॉनचे कपलर (पाइप जोडणाऱ्या लवचिक नळ्या) बोटांनी मुरडा. आतल्या बाजूला थर सुटत असतील तर नवे घ्या, त्यात काटकसर नको. फिल्टरच्या रबरी कॉलरला भेगा असतील तर फिल्टरच नवा घ्या. फिल्टर तेल लावायचा सुती असेल तर त्याच कंपनीच्या क्लीनरने भिजवा, आतून बाहेर पाण्याची हलकी धार सोडा आणि सावलीत एक दिवस आपोआप वाळू द्या. कंप्रेसरची हवा मारली तर कापडाचे धागे फाटतात. तेल प्रत्येक घडीच्या माथ्यावर एकच पातळ रेघ, मग वीस मिनिटं थांबा. रंग जिथे फिका राहिला तिथेच पुन्हा थोडं. या कामात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे तेल जास्त लावणं. जास्तीचं तेल हवेबरोबर सेन्सरच्या तापलेल्या घटकावर जाऊन बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात सेन्सर कमी हवा दाखवायला लागतो. फिल्टर कोरड्या प्रकारचा असेल तर त्याला तेलाचा थेंबही लावायचा नाही.

बसवण्याच्या आधीच्या आठवड्यात एक काम जरूर करा: मूळ इंटेकवरच ट्रिमची नोंद. फोर्डसाठी फोरस्कॅन हे अॅप आणि एक बरा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कंप्युटरला फोन जोडणारा) पुरतो. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला (पाय न लावता इंजिन मंद चालू असताना), गाडी उभी असताना २५०० आरपीएमला आणि फ्रीवेवर एकसमान वेगात, अशा तीन स्थितींत दोन्ही बँकांची (व्ही-८ मधल्या चार-चार सिलिंडरच्या दोन रांगांची) शॉर्ट टर्म, म्हणजे त्या क्षणाची, आणि लाँग टर्म, म्हणजे कंप्युटरने शिकून ठेवलेली, ट्रिम लिहून ठेवा. सेकंड हँड गाडी आहे. आधीपासूनच काही गळत असेल तर ते आत्ता कळेल आणि नंतर दोष इंटेकवर जाणार नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. १० मिलिमीटरचा सॉकेट, क्लॅम्पसाठी ८ मिलिमीटरचा नट ड्रायव्हर, सेन्सरच्या स्क्रूंसाठी टी-२० टॉर्क्स आणि एक पक्कड. इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधा. याने ट्रिमच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि कंप्युटर नव्या पाइपवर कोऱ्या पाटीने शिकतो. त्याचबरोबर स्मॉग चेकला लागणारे तयारीचे मॉनिटरही (उत्सर्जन यंत्रणेच्या कंप्युटरने स्वतः केलेल्या तपासण्या) पुसले जातात. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांत इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) सोडून सगळे मॉनिटर पूर्ण असावे लागतात, आणि ते व्हायला रोजचा मिश्र प्रवास लागतो. तेव्हा स्मॉग चेकची तारीख जवळ असेल तर हे काम त्यानंतर करा.

आता सेन्सरचा प्लग. त्याची लाल कुलूपपट्टी आधी मागे सरकवा, मग कळ दाबून प्लग ओढा. पट्टी न सरकवता ओढला तर कळ तुटते आणि पुढे प्लग खड्ड्यांत हलत राहतो. मग ब्रीदर होज सोडा, थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणारी झडप असलेल्या भागावरचा) क्लॅम्प सैल करा आणि मूळ नळी काढा. तुमच्या वर्षाच्या जीटीत इंजिनचा आवाज केबिनकडे नेणारी एक वेगळी साउंड ट्यूब असते. किटच्या पाइपला तिच्यासाठी तोंड नसेल तर ती ट्यूब पूर्ण काढा आणि उघडं राहणारं प्रत्येक तोंड टोपणाने बंद करा. थ्रॉटल बॉडीच्या तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंबा. इथे पडलेला एक स्क्रू सगळं इंजिन उघडायला लावू शकतो.

डब्याचा १० मिलिमीटरचा बोल्ट काढला की डबा खालच्या रबरी ग्रोमेटमधल्या खुंट्यांवर उरतो. तो सरळ वर ओढायचा, तिरका ओढला तर खुंटी मोडते. जाम असेल तर साबणाचं पाणी सोडा. ग्रोमेट डब्याला चिकटून वर आले तर परत जागेवर बसवा, कारण नव्या आडभिंतीचे पाय त्यांतच बसतात. मूळ डबा, नळी, स्क्रू सगळं एका खोक्यात घालून जपून ठेवा. पुढे गाडी विकताना किंवा काही बिघडल्यावर त्याची गरज पडतेच.

सेन्सर काढताना बोटं फक्त वरच्या प्लास्टिकला लागू द्या. त्यावर आधीच थर असेल तर एमएएफसाठीच मिळणारा स्प्रे मारा, पुसू नका, पूर्ण वाळू द्या. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर इथे वापरायचा नाही. नव्या पाइपमध्ये सेन्सर घालताना हवेच्या दिशेचा बाण इंजिनकडे आहे ना, हे दोनदा पाहा. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं नुसतं बोट पुसा. मूळ स्क्रू प्लास्टिकसाठी आहेत, अॅल्युमिनियमच्या आट्यांत ते बसत नाहीत आणि जबरदस्ती केली तर आटे जातात. किटबरोबर मशीन स्क्रू आलेले नसतील तर बैठकीचे आटे मोजून आणा. पाइप प्लास्टिकचा असता तर स्क्रू आधी उलटा फिरवून आटा ‘टक्’ करून जुळला की मग सुलटा आवळायचा, ही युक्ती कामाला आली असती.

पाइप चढवताना सगळे क्लॅम्प सैल ठेवा. आडभिंत, थ्रॉटल बॉडीवर कपलर, पाइप, फिल्टर आणि ब्रीदर होज, सगळं हाताने जागेवर आणा. मग पाइप फिरवून-सरकवून आजूबाजूच्या होज, वायरी आणि फॅनच्या कवचापासून निदान १०-१२ मिलिमीटर दूर करा. थ्रॉटल दाबला की व्ही-८ आपल्या माउंटवर बऱ्यापैकी कलतो. थंड इंजिनात जे जेमतेम सुटलेलं दिसतं, ते गाडी चालताना घासतं. बॉनेटला लागतं का, हे पाहायला पाइपच्या सगळ्यात उंच जागी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची गोळी ठेवा, बॉनेट हळू बंद करा आणि गोळी किती चेपली ते बघा. आडभिंतीच्या कडेची रबरपट्टी बॉनेटला सलग टेकायला हवी. सगळं जुळल्यावर क्लॅम्प आवळा. कपलर किंचित दबेल इतपतच. रबर क्लॅम्पच्या फटींतून फुगून वर आलं म्हणजे जास्त झालं. दोनशे-तीनशे मैलांनंतर एकदा पुन्हा हात फिरवा, नवं सिलिकॉन बसल्यावर थोडं ढिलं होतं.

थ्रॉटल बॉडीत कोंबलेलं कापड काढलंत ना, ते पाइप चढवण्याआधीच पाहा. बॅटरी जोडल्यावर खिडक्यांची एका दाबात वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते. बटण वर ओढून काच पूर्ण बंद झाल्यावरही काही सेकंद धरून ठेवा.

इंजिन सुरू करा आणि थ्रॉटलला न शिवता गरम होईपर्यंत आयडलला सोडा. मग एक-दोन मिनिटं एसी लावा. पहिल्या दिवशी आयडल थोडं वर-खाली होणं चालतं. त्यानंतर दोन-तीन दिवस साधं चालवा आणि त्याच तीन स्थितींत ट्रिम पुन्हा लिहा. प्रत्येक बँकेची शॉर्ट आणि लाँग टर्म मिळून बेरीज आधीच्या नोंदीपासून पाच टक्क्यांच्या आत असेल तर पाइपचं माप गाडीला जुळलं. दहाच्या वर गेली तर भरला थ्रॉटल देऊ नका, कारण शोधा.

कारण आकड्यांच्या वळणावरून कळतं. आयडलला ट्रिम बरीच वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर थ्रॉटलच्या पलीकडे न मोजलेली हवा शिरते आहे. इंटेकच्या कामानंतर याचं पहिलं संशयित ठिकाण म्हणजे ब्रीदर होज. ती पाइपवर नीट बसली नसेल किंवा व्हॉल्व्ह कव्हरकडून निसटली असेल, तर क्रँककेसमधून बाहेरची हवा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागात) जाते. उलट ट्रिम आयडलला ठीक आणि हवेचं प्रमाण वाढेल तशी वाढत जात असेल, किंवा सगळीकडे सारखीच वर असेल, तर सेन्सरजवळचा व्यास मोठा आहे नाहीतर सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला कपलर हवा ओढतोय. कपलर आधी तपासा, कारण ते फुकट आहे. कुठून ओढतोय ते सापडत नसेल तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधण्याचा उद्योग करू नका. ट्रिम उणे गेली तर व्यास मूळपेक्षा लहान आहे. दोन्ही बँका सारख्या हलल्या तरच इंटेकवर संशय घ्या. एकच बँक बिघडली असेल तर दोष इंटेकच्या पुढे कुठेतरी आहे, कारण हा पाइप दोन्हींना एकच हवा देतो.

चेक इंजिन लाइट लागून कोड आलाच तर पी०१७१ आणि पी०१७४ जोडीने म्हणजे दोन्ही बँका लीन, वर सांगितलेलाच शोध. पी०१०२ आणि पी०११३ एकत्र म्हणजे बहुधा सेन्सरचा प्लग नीट बसलेला नाही. हवेचं तापमान उणे ४० अंश दिसत असेल तर खात्रीच समजा, कारण आत येणाऱ्या हवेचा तापमापक त्याच सेन्सरमध्ये असतो आणि तार तुटल्यावर तो हाच आकडा दाखवतो.

धातूचा पाइप तापण्याबद्दल विचारलंत. ६५०० आरपीएमला तुमचं इंजिन सेकंदाला अडीचशे लिटरांहून जास्त हवा ओढतं. ९० मिलिमीटरच्या पाइपमध्ये तिचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो आणि दोन फुटांचा पाइप ती सेकंदाच्या सुमारे सत्तराव्या भागात पार करते. तेवढ्यात तिला तापायला सवड मिळत नाही. खरा फरक पडतो आडभिंतीने. ती नसेल किंवा बॉनेटला टेकत नसेल, तर आय-८८० वर तुंबलेल्या गाड्यांत फिल्टर रेडिएटरमागची हवा ओढतो. २५ अंशांऐवजी ५५ अंशांची हवा आत गेली की तिची घनता जवळपास नऊ टक्क्यांनी कमी होते, आणि वर कंप्युटर ठिणगीची वेळही मागे घेतो. मूळ बंद डबा यापेक्षा चांगला होता असं म्हणायची वेळ येते. चालत्या गाडीत आतल्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा पाच ते दहा अंशांनी जास्त असेल तर आडभिंत काम करते आहे. फ्रीवेवरही ते वीसच्या वर राहिलं तर रबरपट्टीची फट शोधा.

पाण्याचंही सांगून ठेवतो. तुमच्या किटचा फिल्टर मूळ डब्याच्याच उंचीवर बसतो, त्यामुळे पावसाने काही होत नाही. पण बे एरियात हिवाळ्यात पुलाखालचे रस्ते तुंबतात, तिथे जाऊ नका. तुमच्या इंजिनात पिस्टन वर असताना एका सिलिंडरमध्ये सुमारे ६० मिलिलिटर जागा उरते. त्याहून जास्त पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. टो करून न्या आणि स्पार्क प्लग काढूनच इंजिन फिरवा.

भावासाठी मात्र काहीही नेऊ नका. बंपरमध्ये खाली लोंबणारा फिल्टर आणि पुण्याचा जुलै यांचं जमत नाही. त्याच्या पोलोत लिटरभराचं तीन सिलिंडरी टर्बो इंजिन असेल तर पिस्टनच्या वरची ती जागा जेमतेम ३५ मिलिलिटरची असते, म्हणजे सव्वादोन मोठे चमचे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याला मूळ डब्यात बसणारा कोरडा पॅनेल फिल्टर तिथेच घ्यायला सांगा, आणि बांधकामं चाललेल्या भागात रोजचं जाणं असेल तर तो कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतराला उघडून पाहायला सांगा.